सोळाशे मीटर आणि एक नडगी

(नांदेड येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छापताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते सर शाळेत आम्हाला पी. टी. शिकवायचे. शर्यत संपली की पहिला कोण आला हे सांगायचं ते लांबवायचे. आधी सगळ्यांना पाय पसरून ओळीत बसवायचे आणि स्वतः उकिडवे बसून, सरकत सरकत, एकेकाची नडगी अंगठ्यानं दाबत जायचे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, बोटा-बोटाच्या अंतरानं. कुणी 'स्स' केलं की त्याच्या हातात शिट्टी यायची. पंधरा दिवस त्यानं पळायचं नाही, पंच म्हणून उभं राहायचं. आमच्या लेखी ती शिक्षा होती. पुढं मी हाडांचा डॉक्टर झालो तेव्हा कळलं की ती तपासणी होती, आणि पाठ्यपुस्तकात जवळजवळ तशीच दिलेली आहे. सरांनी ती कुठून उचलली होती, हे विचारायचं राहून गेलं.

पत्रिकेवर विषय छापलाय 'धावपटूंचे आरोग्य'. शब्द चांगला आहे, पण आपल्याकडं पहाटे रस्त्यावर पळणाऱ्यांना धावपटू कुणी म्हणत नाही. त्यांना 'भरतीची पोरं' म्हणतात. आज मी लातूरहून अंधारातच निघालो. वाटेत चाकूर, अहमदपूर, लोहा. या प्रत्येक गावाच्या दीड-दोन किलोमीटर आधी गाडीच्या दिव्यात पोरं दिसायला लागतात. गाव जवळ आलं हे मला पाटीच्या आधी या पोरांवरून कळतं. अंगावर काळी ट्रॅकपँट, काळा नाहीतर गर्द निळा टी-शर्ट, पाठीवर अकॅडमीचं नाव. काळ्या डांबरावर काळे कपडे. त्याबद्दल शेवटी बोलणार आहे.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत वर्दीचं आकर्षण काही हवेतून आलेलं नाही. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र, मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं, लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र. पोरं हे बघत वाढतात. दोन-तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भाव आपल्या हातात नाही, घरात दोन भाऊ. अशा घरात एकजण भरती झाला की बाकीच्यांचा श्वास मोकळा होतो. २०२४ मध्ये राज्यात पोलिसांच्या १७,४७१ जागा निघाल्या आणि अर्ज आले १७ लाखांहून जास्त. या गर्दीत पहिली चाळणी मैदानाची. ५० गुणांची शारीरिक चाचणी, त्यातले २० गुण एकट्या धावण्याला. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलानं ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आणि मुलीनं २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत संपवलं तर पूर्ण गुण, ज्याला ही मुलं 'आउट ऑफ' म्हणतात. तिथून पुढं दर काही सेकंदांना गुण उतरत जातात. ४०० मीटरचा एक राऊंड मुलानं साडेसत्त्याहत्तर सेकंदांत मारायचा आणि तसे चार मारायचे. सभागृहातल्या कुणीही उद्या सकाळी एकच मारून बघावा. फार नको, एकच. आणि चाळिशी उलटलेल्यांनी तोही डॉक्टरांना विचारून.

तेव्हा आपल्याकडचा धावणारा हा हौशी नाही. तो परीक्षार्थी आहे, आणि त्याच्या दुखापतीचं मूळ पायात कमी आणि परीक्षेच्या वेळापत्रकात जास्त आहे. मला आज सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं त्याचा पुरावा.

पहिला पुरावा माझ्याविरुद्ध आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात चाकूर तालुक्यातल्या एका वाडीची मुलगी आली. लातूरला खोली करून राहायची, सोबत वडील. टोपी हातात धरून ते दाराशीच उभे. मी म्हटलं, "काय झालं माय?" तिनं सलवार वर सारून नडगीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. एकच बोट. "सर, इथं दुखलालंय. ग्राउंड अठरा दिवसांवर आलंय." मी एक्स-रे काढला. स्वच्छ. हाडावर ओरखडा नाही. बाहेर तीस-चाळीस पेशंट. मी म्हटलं, स्नायूवर ताण आलाय, पाच दिवस विश्रांती घे, आणि गोळ्या लिहून दिल्या. वडिलांनी दोनदा हात जोडले. पाच दिवसांनी गोळ्यांमुळं दुखणं दबलं, पोरगी पुन्हा पळायला लागली. ग्राउंडवर दुसऱ्या राऊंडच्या वळणाला 'कट्' असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. या खेपेचा एक्स-रे बघायला डॉक्टरची गरज नव्हती.

तिनं बोट ठेवलं होतं हो. पूर्ण तळहात नाही, बोट. नडगी दुखायची दोन मोठी कारणं. एकात हाडाच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं किंवा जास्त लांबीची पट्टी दुखते. पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग तापलं की कमी होतं. त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. चिवट दुखणं, पण हाड शाबूत असतं. दुसऱ्यात अंगठा एकाच जागी ठेवला की पेशंट उडतो. पळताना दुखणं वाढत जातं, पुढं चालतानाही दुखतं, आणखी पुढं रात्री झोपेत ठणकतं. हा स्ट्रेस फ्रॅक्चर, हाडाला गेलेला केसासारखा तडा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसतो, पण एमआरआयचा खर्च म्हणजे तिच्या खोलीचं दोन-तीन महिन्यांचं भाडं. अंगठ्याला मात्र काही खर्च येत नाही. सरांनी पंचवीस पोरांच्या नडग्या पंधरा मिनिटांत तपासल्या असत्या. मी एका नडगीला अंगठा लावला नाही.

हे दुखणं नवं नाही. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं पाय सुजून येणाऱ्या तरुण शिपायांची नोंद करून ठेवली. एक्स-रेचा शोध लागायला अजून चाळीस वर्षं होती, त्यामुळं आत काय मोडलंय हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. पुढं या प्रकाराला 'मार्च फ्रॅक्चर'च म्हणू लागले. मार्च, म्हणजे कवायतीची चाल. रंगरूट आणि मोडलेलं हाड यांची सोयरीक इतकी जुनी आहे.

असं का होतं? हाड हे दगड नाही, जिवंत आहे. त्यावर नवा भार पडला की शरीर त्याची दुरुस्ती काढतं, आणि दुरुस्तीची रीत आपल्या रस्त्यांसारखी. आधी खोदकाम, मग भराव. जुनं हाड खाऊन टाकणाऱ्या पेशी आधी येतात आणि साधारण तीन आठवड्यांत काम उरकतात. नवं हाड भरणाऱ्या पेशी मागून येतात आणि त्यांना तीन महिनेही लागतात. खोदणारे वेळेवर आणि बुजवणारे निवांत, हा अनुभव आपल्याला आहेच. म्हणजे पळणं वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पोरगा जेव्हा म्हणतो की 'आता दम टिकायला लागला', नेमकं तेव्हाच हाड सगळ्यात कच्चं असतं. छाती पंधरा दिवसांत तयार होते, हाड होत नाही. आणि आपलं पोरगं पळतं ते छातीच्या हिशोबानं.

यात वेळापत्रक कुठून आलं, तर असं. भरती कधी निघणार हे कुणाला माहीत नसतं. वर्षभर अफवा. पोरं महिनाभर पळतात, मग सोडून देतात, कापणीला गावी जातात, कुणी पुण्याला कंपनीत लागतं. मग एक दिवस जाहिरात येते, मग हॉल तिकीट, त्यावर तारीख. कालपर्यंत दोन किलोमीटर पळणारा दुसऱ्या दिवशी आठ पळतो. धावणाऱ्यांमध्ये एक जुना नियम सांगितला जातो, की आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये २००८ साली नवशिक्यांवर हा नियम तपासून पाहिला. हळू वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीसारखं वाढवणाऱ्या गटात, दोन्हीकडं साधारण पाचात एक जण दुखावला. नियम खोटा ठरला म्हणून अनेकांना आनंद झाला. पण २०२५ मध्ये ५,२०० हून जास्त धावणाऱ्यांच्या नोंदी तपासणारा मोठा अभ्यास आला, आणि त्यात बोट नेमक्या जागी पडलं. आठवड्याची बेरीज फारशी महत्त्वाची नाही, एका दिवसाची उडी महत्त्वाची. गेल्या महिन्याभरात तुमची सगळ्यात लांब धाव जेवढी होती, तिच्यापेक्षा एकाच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पळालात की धोका वाढतो. दुपटीच्या पुढं गेलात तर तो दुपटीहूनही जास्त होतो. हॉल तिकीट हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी आपली पोरं नेमकी हीच उडी मारतात.

मुलांनो, तुमच्यासाठी म्हणून सांगतो. भरती निघो न निघो, आठवड्यातून तीन दिवस थोडं पळणं सोडू नका. तारीख आली की वेग वाढवायला तुमच्या पायाखाली काही जमीन असेल. आणि नडगी एका जागी दुखली, तर त्या जागेवर पेनानं खूण करा. दोन दिवसांनी त्याच खुणेवर दुखलं तर पळणं बंद, सायकल सुरू. सायकलवर दम राहतो, हाडाला हादरा बसत नाही. सहा ते आठ आठवडे लागतात. जास्त वाटतात ना? त्या मुलीचं सगळं वर्ष गेलं.

आता वॉर्मअपबद्दल थोडं. मैदानावर आधी पंधरा मिनिटं ताणाताणीचे प्रकार चालतात, एकमेकांचे पाय खांद्यावर घेऊन. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या लष्करात दीड हजारांवर रंगरुटांचे दोन गट करून हे तपासलं. व्यायामाआधी ताणणाऱ्या आणि न ताणणाऱ्या गटांत दुखापती सारख्याच निघाल्या. ताणू नका असं मी म्हणत नाही, पण तो विमा नव्हे. थोडं चालणं, मग हळू पळणं, मग दोन-तीन छोट्या झेपा, एवढं पुरतं. दुखापत खरोखर कमी करतो तो ताकदीचा व्यायाम. वेगवेगळ्या खेळांतल्या पंचवीसेक चाचण्या एकत्र करून डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. ताकदीच्या व्यायामानं दुखापती एक तृतीयांशापेक्षा खाली आल्या, ताणण्यानं काहीच फरक पडला नाही. आणि ताकद म्हणजे जिम नव्हे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरी मिळवली, ती जोर-बैठकांवर पोसलेल्या अंगावर. तालमी ओस पडल्या आणि पोरांच्या पिंडऱ्या बारीक झाल्या, हा माझा आपला म्हाताऱ्याचा राग. पण बैठका काढा. एका पायावर उभं राहून घराच्या पायरीच्या कडेवर टाच वर-खाली करा, प्रत्येक पायाला पंधरा-पंधरा, तीन वेळा. पोटरी ही नडगीची ढाल आहे.

बुटांबद्दल प्रत्येकजण विचारतो, म्हणून दोन वाक्यं. पायाच्या आकारानुसार वेगवेगळे बूट देऊन अमेरिकन सैन्यात मोठ्या चाचण्या झाल्या, दुखापतीत फरक पडला नाही. पायाला सुखाचा वाटेल तो बूट घ्या, तळवा एका बाजूनं घासला की बदला, आणि स्पाइक रोज घालून मिरवू नका.

त्या मुलीकडं परत येतो. प्लास्टर काढायच्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट बसवून विचारलं. पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न मी शेवटच्या भेटीत विचारले. काय खातेस? सकाळी पळून आल्यावर चहा आणि बिस्किट. मेसचा डबा बाराला. रात्री अर्धी भाकरी, कारण वजन वाढलं तर वेळ वाढते असं अकॅडमीत कुणीतरी सांगितलेलं. पाळी? ती वडिलांकडं बघून गप्प झाली. त्यांना बाहेर पाठवलं, नर्सबाईंना बोलावलं. पाच महिने आलीच नव्हती. "मला बरंच वाटलं," ती म्हणाली, "कटकट गेली."

बायांनो, आयांनो, हे वाक्य ऐकलंत तर तिथंच थांबा. जेवढं जाळलं तेवढं खाल्लं नाही की शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली काट पाळीला लावतं. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन उतरलं, आणि इस्ट्रोजेन हा मुलीच्या हाडांचा राखणदार. तो गेला की खोदणाऱ्या पेशींना मोकळं रान. ऑलिम्पिक समितीच्या वैद्यकीय मंडळानं २०१४ मध्ये या प्रकाराला नाव दिलं, खेळातली ऊर्जेची तूट, आणि तो मुलांनाही होतो हे बजावून सांगितलं. आपल्याकडं त्याच्यावर आणखी एक ओझं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी. मग मुलगी म्हणते, 'सर, सराव इतका करते पण टायमिंग उतरतच नाही.' तिला सरावाची गरजच नसते. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, लोहाच्या गोळ्याही तिथं मिळतात. जेवणाबरोबरचा चहा सोडा, त्यानं लोह अंगी लागत नाही. वरणावर लिंबू पिळा. पळून आल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. शेंगदाणे आणि गूळ, दही-भाकरी, उकडलेली अंडी. उकडलेली म्हणतोय. ग्लासात फोडून गटागटा पिण्यात मर्दानगी दिसते, पण कच्च्या अंड्यातलं प्रथिन निम्मंच पचतं.

दुसरी गोष्ट गोळ्या-इंजेक्शनांची. ग्राउंडच्या आदल्या दिवशी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊन जाणारी पोरं मला माहीत आहेत. देणारेही माहीत आहेत, पण ते राहू द्या. दुखणं ही गावची दवंडी आहे. दवंडी देणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणून पूर यायचा थांबत नाही. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना हे औषध मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आखडतं. जनावरांना टोचलेल्या याच औषधानं आपली गिधाडं संपवली. मेलेल्या गुराच्या मांसातून ते त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाड नव्हे, त्याला ते योग्य मात्रेत चालतं. पण उन्हात, उपाशी, तहानलेल्या अवस्थेत जीव खाऊन पळणाऱ्याला चालतं, असं मी लिहून देणार नाही. स्टिरॉइड आणि उत्तेजकांवर मी बोलणारच नाही. ते वैद्यकाचं नव्हे, पोलीस ठाण्याचं काम, आणि तेही पोलीस होण्यासाठी.

आता जीव जातो त्याबद्दल. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काही दगावले. त्यानंतर अंतर कमी झालं. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावायला लावलं आणि दहाहून जास्त तरुण गेले. अशा मृत्यूंत काही हृदयाचे असतात, काही उष्माघाताचे. उष्माघात ओळखायला सोपा आहे. पोरगा अडखळतो, असंबद्ध बोलतो, तुम्हाला ढकलतो. त्या वेळी त्याच्या शरीराचं तापमान चाळिशीपार असतं. लोक काय करतात? रिक्षा शोधतात. रिक्षा नंतर. आधी त्याला गार करा. अमेरिकेत फालमाउथ नावाच्या गावी दरवर्षी उन्हाळ्यात शर्यत होते. तिथं कोसळलेल्याला जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात. अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण, सगळेच्या सगळे जगले. आपल्याकडं टब कुठला, असं म्हणाल. गुरांचा हौद आहे की! डोकं धरून मानेपर्यंत बुडवा, वर बर्फाची लादी फोडून टाका, शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला की बाहेर काढा आणि मग दवाखाना गाठा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना मी हौद भरून ठेवा म्हणतोय, याची मला जाणीव आहे. तरी भरतीच्या मैदानावर एक हौद भरलाच पाहिजे.

किनवट आणि माहूरकडच्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. तिकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आहे. आजार नसलेले पण त्याचा वाहक गुण अंगात असलेले पुष्कळ. असा मुलगा ठणठणीत असतो, आयुष्यभर त्याला पत्ताही लागत नाही. मात्र एकदम जीव तोडून, उन्हात, पाण्याविना पळाला तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. १९८७ साली अमेरिकन लष्करात असं दिसलं, की कृष्णवर्णीय रंगरुटांपैकी असा गुण असणाऱ्यांत अचानक मृत्यूचं प्रमाण सुमारे २८ पट होतं. मग लष्करानं ऊन, पाणी आणि विश्रांतीचे नियम कडक केले. २०१६ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा मृत्यूचा जादा धोका दिसला नाही, स्नायू फुटण्याचा धोका तेवढा दीडपट उरला. याचा अर्थ ज्याच्यात हा गुण आहे त्याला मैदानाबाहेर काढा असा मुळीच नाही. सगळ्यांनाच पाणी द्या, सावली द्या, हळूहळू वाढवा, म्हणजे तोही सुखरूप राहतो. फरक एवढाच ओळखा. पोटरीत गोळा आला तर पोरगा ओरडतो आणि स्नायू दगडासारखा लागतो. पेशी अडकलेला पोरगा ओरडत नाही. 'पायात जीव नाही' म्हणत खाली बसतो, आणि हात लावला तर स्नायू मऊ लागतो. त्याला 'ऊठ, नाटक करू नको' म्हणू नका.

आपल्या मराठवाड्याचा सगळ्यात मोठा धावपटू बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, मांडव्याचा. अविनाश साबळे. लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची पायपीट, पुढं महार रेजिमेंट, सियाचीनची ड्युटी. शर्यतीच्या धावण्याला लागला तेव्हा विशी उलटली होती. म्हणजे हाडं आधी तयार झाली होती, वेग नंतर आला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीचं रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पण त्याचंच २०१८ चं एशियाड घोट्याच्या दुखापतीनं हुकलं होतं, आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्यावर पडून गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली. दुखापत कुणालाच सोडत नाही. फरक असा, की तो पडला की भोवती डॉक्टर, फिजिओ, सैन्याची नोकरी. आपलं पोरगं पडलं की भोवती एक स्ट्रिप गोळ्यांची आणि भावकी.

काळ्या कपड्यांवर येतो. १९ जानेवारी २०२५ ला बीडजवळ घोडका राजुरी इथं रस्त्यावर सराव करणाऱ्या मुलांना एसटी बसनं उडवलं, तिघं गेली. माझ्याकडचं कुठलंही औषधपाणी तिथं उपयोगाचं नाही. रस्त्यानं पळायचंच असेल तर उजव्या बाजूनं पळा, येणारी गाडी डोळ्यांसमोर राहील. कानात इअरफोन नको. अंगावर पांढरं घाला, जुना बनियन चालतो. रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो, म्हणून एकाच बाजूनं रोज पळणाऱ्याचा एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो, आणि गुडघ्याची बाहेरची बाजू, नाहीतर घोटा कुरकुरायला लागतो. शेतातून पळावं तर पावसाळ्यात काळी माती किलो-किलोनं बुटाला चिकटते, आणि उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतो. म्हणजे पोरांना डांबराशिवाय काही उरतच नाही.

पण उरतं. येताना मी मोजलं. चाकूर ते नांदेड, रस्त्यावरून दिसणारी शाळा-कॉलेजांची अकरा मैदानं. पहाटे अकराच्या अकरा फाटकांना कुलूप. आत सपाट मैदान, लिंबाची झाडं, पाण्याची टाकी, आणि बाहेर महामार्गाच्या कडेनं अंधारात पोरं पळतायत.

ती मुलगी पुढच्या भरतीला बसली नाही. वय होतं, पाय भरून आला होता. घरच्यांनी लग्न उरकलं.

या सभागृहात आज संस्थाचालक आहेत, मुख्याध्यापक आहेत, निवृत्त मंडळीही आहेत, ज्यांना तसंही पहाटे झोप येत नाही. माझं मानधन मला नको. तुमच्या शाळेचं फाटक पहाटे पाच ते सात उघडं राहील, एक दिवा लागेल आणि नळाला पाणी असेल, एवढं करा. किल्ली कुणाकडं राहील, ते नाव आज घरी जायच्या आधी ठरवा.